‘त्सूद’ म्हणजे नक्की काय? बायबलमधल्या शिकारीच्या हिब्रू क्रियापदाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उपासनेनंतरच्या आमच्या अभ्यासवर्गात उत्पत्तीचा २७वा अध्याय निघाला की गाडी तिथेच अडते. इसहाक म्हातारा झालाय, डोळ्यांनी दिसत नाही, थोरल्या मुलाला, एसावाला, म्हणतो, रानात जा आणि माझ्यासाठी शिकार करून आण. मग कोणीतरी विचारतेच: मूळ हिब्रूत इथे कोणता शब्द आहे? त्याचा अर्थ मारणे की पकडणे? तोच शब्द पुढे माणसांसाठी कसा वापरला? इतक्या वर्षांत जमलेले हे प्रश्न आणि त्यांची मला पटलेली उत्तरे इथे एकत्र दिली आहेत. हिब्रू शब्द देवनागरीतच लिहिले आहेत. वचनांचा मराठी अर्थ माझ्या शब्दांत आहे, छापील मराठी बायबलमधला नाही.

हा शब्द उच्चारायचा कसा?

मराठी माणसाला हे जमवायला काहीच कष्ट नाहीत. पहिले अक्षर ‘त्सादे’. आजच्या हिब्रूत त्याचा उच्चार आपल्या ‘चूल’, ‘चाक’, ‘चोर’ यांतल्या दंत्य ‘च’सारखा होतो. ‘चंद्र’, ‘चित्र’मधला तालव्य ‘च’ नव्हे. हिंदी बोलणाऱ्यांना हा ध्वनी मुद्दाम शिकावा लागतो, आपल्या तोंडात तो आधीच आहे. देवनागरीत दोन्ही ‘च’ सारखेच दिसतात, म्हणून घोटाळा टाळायला मी ‘त्स’ लिहितो. प्राचीन काळचा उच्चार मात्र वेगळा असावा, अरबीतल्या जड ‘स’सारखा. येमेनच्या ज्यूंनी तो आजही जपला आहे.

एका वाक्यात अर्थ सांगाल?

मोकळ्या, पळत्या जिवाला माग काढून आपल्या ताब्यात आणणे. ताब्यात आल्यावर त्याचे काय करायचे, हा पुढचा प्रश्न.

बायबलमध्ये तो किती वेळा येतो?

क्रियापद म्हणून वीसहून कमी वेळा. उत्पत्ति २७, लेवीय १७, ईयोब, स्तोत्रसंहिता, नीतिसूत्रे, यिर्मया, विलापगीत, यहेज्केल आणि मीखा या पुस्तकांत तो भेटतो, आणि वेगळ्या अर्थाने एकदा यहोशवात. त्याच मुळापासून निघालेली नामे धरली तर संख्या बरीच वाढते. त्यांत मुख्य म्हणजे ‘त्सायिद’, म्हणजे शिकार किंवा शिकार करून आणलेले मांस.

लक्षात घेण्यासारखे हे की क्रियापदाच्या निम्म्याहून जास्त जागी सावज माणूस आहे. हरणामागे धावणारा शिकारी डोळ्यांसमोर ठेवून वाचायला बसलात, तर विलापगीतापर्यंत पोहोचल्यावर चित्र पालटलेले दिसेल.

रूपे कशी चालतात?

धातूची अक्षरे तीन: त्सादे, वाव, दालेत. मधला ‘वाव’ कमकुवत आहे, कधी दिसतो कधी लपतो. ‘त्याने धरले’ म्हणजे ‘त्साद’, इथे वाव गेला. ‘तो धरील’ म्हणजे ‘यात्सूद’, इथे तो ‘ऊ’ होऊन परत आला. ‘धरायला’ म्हणजे ‘लात्सूद’. हिब्रू शिकणाऱ्यांनी कोशात शोधताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी. ‘त्साद’ पाहून दोनच अक्षरे शोधत बसाल तर शब्द सापडणार नाही.

उत्पत्ति २७:३ मध्ये इसहाक ‘त्सूदा’ म्हणतो. आज्ञार्थाला शेवटी ‘आ’ जोडला की आज्ञेत थोडी आर्जवाची छटा येते, आपण ‘आण’ऐवजी ‘आण ना रे’ म्हणतो तशी. आंधळ्या बापाच्या तोंडी ते रूप मला फार बोलके वाटते.

उत्पत्ति २७ मध्ये या शब्दाचे एवढे काय विशेष?

हा अध्याय जणू याच शब्दावर विणला आहे. इसहाक म्हणतो, ‘त्सूदा ल्ली त्सायिद’. क्रियापद आणि त्याचे कर्म एकाच धातूचे. आपण खेळ खेळतो, चाल चालतो, लढाई लढतो, तसे. पुढे इसहाकाची बायको रिबका तेच ऐकते आणि धाकट्या मुलाला, याकोबाला, सांगते. याकोब एसाव असल्याचे भासवून बापाला खोटेच म्हणतो, ‘माझ्या शिकारीतले खा.’ मग खरा एसाव येतो आणि तोही म्हणतो, ‘आपल्या मुलाच्या शिकारीतले खा.’ प्रत्येकाच्या तोंडी ‘त्सायिद’ आहे. पण ताटात वाढले गेले ते रानातले काहीच नव्हते. घरच्या कळपातली दोन करडे होती, रिबकेने चवीने शिजवलेली.

आणि मग ३३वे वचन. इसहाक थरथर कापतो. हिब्रूत त्या कापण्याचे वर्णन फार जोरकस आहे. तो विचारतो, ‘तर मग तो कोण, हत्साद त्सायिद, ज्याने शिकार धरून माझ्याकडे आणली?’ वरवर पाहिले तर त्याला एवढेच विचारायचे आहे की मघाशी कोण येऊन गेला. पण वाचणाऱ्याला उत्तर माहीत आहे. ज्याने रानात पाऊलही ठेवले नाही, धनुष्याला हात लावला नाही, तोच आज शिकारी ठरला. आणि सावज कोण झाले? प्रश्न विचारणारा म्हातारा स्वतः. अंगावर करडाचे कातडे, हातात जेवणाचे ताट, आवाज याकोबाचा आणि हात एसावाचे: आमिष आणि सापळा दोन्ही मांडून ठेवलेले. भाषांतरात ‘शिकार आणणारा’ असे सरळ वाचून आपण पुढे जातो. मूळ शब्द कानात असेल तर या वचनापाशी थांबावेच लागते.

याच अध्यायात लिहिलेला शब्द आणि वाचायचा शब्द यांत एक बारीक फरकही आहे. ३ऱ्या वचनात ‘त्सायिद’ऐवजी शेवटी एक जादा ‘हे’ अक्षर लिहिले आहे, परंपरेने ते वाचायचे नाही. त्या जादा अक्षरासह तो शब्द ‘शिदोरी’ या अर्थाच्या शब्दासारखा दिसतो. शिदोरीबद्दल खाली स्वतंत्र प्रश्न आहे.

उत्पत्ति २५:२८ मध्ये ‘त्याच्या तोंडात शिकार’ असे आहे म्हणतात. म्हणजे काय?

हिब्रूत शब्दशः एवढेच आहे: इसहाकाची एसाववर प्रीती होती, ‘कारण शिकार त्याच्या तोंडात’. कोणाच्या तोंडात ते सांगितलेले नाही. साधा अर्थ इसहाकाच्या, म्हणजे त्याला शिकारीचे मांस आवडे. पण मिद्राशने, म्हणजे यहुदी रब्बींच्या जुन्या विवरणांनी, तोंड एसावाचे धरले: तो तोंडाने शिकार करी, गोड बोलून बापाला जाळ्यात घेई. अकराव्या शतकातला फ्रान्सचा भाष्यकार राशी याचे उदाहरण देतो. एसाव बापाला विचारी, ‘बाबा, मिठाचा दशमांश कसा काढायचा? आणि पेंढ्याचा?’ या दोन्हींवर दशमांश लागतच नाही. पण मुलगा किती काटेकोर आहे, असे बापाला वाटावे म्हणून हा प्रश्न. व्याकरणाच्या दृष्टीने मला पहिला अर्थ बरोबर वाटतो. तरी या धातूत फसवून धरण्याची छटा किती जुनी आहे, ते मिद्राश चांगले दाखवते.

म्हणजे ‘त्सूद’मध्ये मारणे येतच नाही?

येऊ शकते. एसाव भाता आणि धनुष्य घेऊन निघाला होता, हरिण जिवंत आणायला नव्हे. पण शब्दाचा गाभा धरण्यात आहे, मारण्यात नाही. दोन ठिकाणी हे स्पष्ट दिसते.

पहिले लेवीय १७:१३. कोणी खाण्याजोगा पशू किंवा पक्षी ‘यात्सूद’, धरील, तर त्याने त्याचे रक्त ओतावे आणि मातीने झाकावे. धरणे, रक्त ओतणे, झाकणे: तीन वेगळी क्रियापदे, एकामागून एक. रानातला जीव वेदीवर जात नाही, तरी त्याचे रक्त उघड्यावर टाकायचे नाही. रक्तात जीव आहे म्हणून त्यावर माती ओढायची.

दुसरे ठिकाण बायबलच्या बाहेरचे आहे, पण शब्द समजायला त्याच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही. इसवी सन २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नात, म्हणजे यहुदी धर्मनियमांच्या संग्रहात, शब्बाथ या विश्रांतीच्या दिवशी वर्ज्य असलेली ३९ कामे दिली आहेत. त्यांत ‘हत्साद त्स्वी’, हरिण धरणारा, हे एक काम. कापणे हे त्याच्या पुढचे, वेगळे काम. कातडी सोलणे तिसरे. रूप अगदी तेच, ‘हत्साद’, जे इसहाकाच्या तोंडी आले होते.

मग धरणे म्हणजे नेमके केव्हा? मिश्ना यावर बारकाईने बोलते. हरिण आपणहून घरात शिरले आणि एकाने दार लावले, तर तो दोषी. दोघांनी मिळून लावले, तर दोघेही सुटले, कारण एकट्याला जमणारे काम दोघांनी केले. दार एवढे जड असेल की एकट्याला लागतच नाही, आणि दोघांनी लावले, तर दोषी. पुढे तर दारच नाही, उंबऱ्यात माणूस बसला आहे. पहिल्याने उंबरा पुरा अडवला नाही, दुसरा बसला आणि अडला, तर दुसरा दोषी. पहिल्यानेच पुरा अडवला आणि दुसरा नुसता शेजारी येऊन टेकला, तर पहिला उठून गेला तरी दोष पहिल्याचाच, दुसरा मोकळा. ना बाण, ना रक्त, ना कोणी धावले. एक माणूस उंबऱ्यात बसला आणि हरणाची वाट बंद झाली, तिथे ‘त्सूद’ पुरे झाले. वर्गात मी हे सांगतो तेव्हा लोक आधी हसतात, मग गप्प होतात, कारण आता विलापगीत वेगळे ऐकू येणार असते.

ईयोब १०:१६ मध्ये सिंह कोण? शिकारी की शिकार?

‘डोके वर काढले तर सिंहासारखी तू माझी शिकार करतोस.’ हिब्रूत ‘सिंहासारखा’ हा शब्द देवालाही लागू शकतो, ईयोबालाही. देव सिंह होऊन झडप घालतो, की ईयोब सिंह आहे आणि देव त्याचा पाठलाग करतो? आपण पहिला अर्थ गृहीत धरतो. पण त्या काळच्या जगात सिंहाची शिकार हा राजांचा खेळ होता. निनवेच्या राजवाड्यातली अश्शूरचा राजा अश्शूरबानीपाल याची शिल्पे, इसवी सनपूर्व सातव्या शतकातली, आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांत पिंजऱ्याचे दार उघडून सिंह बाहेर सोडलेला दिसतो आणि रथातला राजा बाण मारतो. पाठीत बाण घेऊन मागचे पाय ओढत जाणारी सिंहीण ज्याने पाहिली, त्याला ईयोबाचे वाक्य दुसऱ्या अर्थानेही वाचावेसे वाटेल. ३८:३९ मध्ये देव त्यालाच उलट विचारतो, ‘सिंहिणीसाठी तू भक्ष्य धरतोस का?’ क्रियापद तेच.

माणसांची शिकार कुठे कुठे येते?

विलापगीत ३:५२ पासून सुरुवात करावी. ‘त्सोद त्सादूनी कत्सिप्पोर’: धातूची पुनरुक्ती करून जोर आणला आहे. आपण म्हणू, ‘विनाकारण माझे वैरी झालेले लोक हात धुऊन माझ्यामागे लागले आणि त्यांनी मला पाखरासारखे धरले.’ पाखराला धरायला धनुष्य लागत नाही, फासा लागतो. पुढच्याच वचनात खड्डा आहे आणि वर दगड. जिवंत धरलेल्याला कोंडले आहे.

मीखा ७:२ मध्ये परकीय वैरीही नाही. ‘प्रत्येक जण आपल्या भावाला जाळ्यात धरतो.’ तिथला शब्द मोठ्या जाळ्याचा आहे. जुन्या मराठीत वाघूर म्हणत, तसे काहीसे.

यिर्मया १६:१६ वर थोडे थांबतो, कारण हे वचन हल्ली प्रवचनांत भलत्याच अर्थाने ऐकू येते. देव म्हणतो, मी पुष्कळ कोळी पाठवीन आणि ते यांना धरतील, मग पुष्कळ ‘त्सय्यादीम’, शिकारी, पाठवीन आणि ते यांना प्रत्येक डोंगरावरून, प्रत्येक टेकडीवरून आणि खडकांच्या कपारींतून धरतील. आधीच्या दोन वचनांत परत आणण्याचे अभिवचन आहे, म्हणून काही जण हे कोळी-शिकारीही लोकांना मायदेशी आणणारे समजतात. पण पुढची वचने अपराधाच्या दुप्पट परतफेडीची आहेत. हे शिकारी म्हणजे बाबेलचे सैन्य, लपलेल्यांना हुडकून काढणारे. मला यात शंका वाटत नाही.

‘प्रत्येक डोंगर, प्रत्येक टेकडी’ ही जोडीही जुनी आहे. सीरियाच्या किनाऱ्यावर रास शामरा येथे १९२९ पासून झालेल्या उत्खननात उगारित नगर आणि त्याच्या मातीच्या पाट्या सापडल्या. त्यांतल्या बाल देवाच्या कथेत मृत्यूदेव मोत म्हणतो की मी पृथ्वीच्या पोटापर्यंत प्रत्येक डोंगर आणि शेतांच्या पोटापर्यंत प्रत्येक टेकडी धुंडाळली. तिथले क्रियापद याच मुळाचे आहे. यिर्मयाच्या कितीतरी शतके आधी मृत्यू याच शब्दाने डोंगर-टेकड्या पालथ्या घालत होता.

स्तोत्र १४०:११ मध्ये मात्र फासे उलटतात. तिथे अरिष्टच हिंसक माणसाची शिकार करते. (हिब्रू बायबलमध्ये हे १२वे वचन आहे. तिथे स्तोत्राच्या शीर्षकालाही क्रमांक असतो, म्हणून एकाचा फरक पडतो.)

यहेज्केल १३ मधल्या बायका ‘जीव धरतात’ म्हणजे काय करतात?

तिथे धातूचे तीव्र रूप आहे, ‘लेत्सोदेद’. खोटे भविष्य सांगणाऱ्या बायका मनगटांना पट्ट्या शिवतात, डोक्यांवर बुरखे घालतात, मूठभर जव आणि भाकरीच्या तुकड्यांसाठी ज्याने मरू नये त्याला मारतात आणि ज्याने जगू नये त्याला जगवतात. ‘जीव’साठी हिब्रू शब्द ‘नेफेश’ आहे. त्याचा अर्थ देहातून वेगळा काढलेला आत्मा असा नाही, जिताजागता माणूस असा आहे. मग देव म्हणतो, मी त्या पट्ट्या तुमच्या हातांवरून फाडीन आणि पाखरांसारखे धरलेले जीव सोडून देईन. भीती घालून, गंडेदोरे बांधून माणसाला मुठीत ठेवणे कसे असते, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. नीतिसूत्रे ६:२६ मध्ये परस्त्री ‘मोलाचा जीव धरते’, तिथेही हाच ‘नेफेश’.

दावीद शौलाला म्हणतो ‘तू माझा जीव घ्यायला टपला आहेस’, तोही हाच शब्द का?

नाही. १ शमुवेल २४:११ मधला धातू ‘त्सादा’ आहे, दबा धरणे या अर्थाचा. कानाला दोन्ही सारखे वाटतात, म्हणून गल्लत होते. निर्गम २१:१३ मध्येही तोच: ज्याने दबा धरला नव्हता, त्याच्या हातून नकळत खून झाला तर त्याला आश्रयाचे स्थान आहे. विलापगीत ४:१८ मधले ‘आमच्या पावलांची शिकार केली’ हे रूप कोणत्या धातूचे, यावर मात्र अभ्यासकांचे एकमत नाही.

शिदोरी आणि शिकार यांचा काय संबंध?

‘त्सेदा’ म्हणजे प्रवासाची शिदोरी. योसेफाने भावांना वाटेसाठी दिली ती ‘त्सेदा’. मिसरातून घाईने निघताना इस्राएलांना करून घेता आली नाही तीही ‘त्सेदा’. धरून आणलेले मांस, मग एकूण खाण्याची बेगमी, असा अर्थ सरकला असावा. यहोशवा ९:१२ मध्ये गिबोनी लोक वाळून बुरसलेली भाकर दाखवून म्हणतात, ‘निघालो त्या दिवशी ही गरम गरम घरून शिदोरीला घेतली होती.’ तिथले ‘हित्स्तय्यद्नू’ याच मुळाचे आहे. आणि तेही खोटे बोलत होते.

मसादा किल्ल्याचे नाव यातूनच आले का?

‘मेत्सूदा’ म्हणजे जाळे, आणि ‘मेत्सूदा’ म्हणजे गडही. मसादा, मृत समुद्राजवळचा प्राचीन डोंगरी किल्ला, हिब्रूत ‘मेत्सादा’, हे गडाच्या बाजूचे. दोन्ही एकाच मुळाचे की नुसते एकसारखे ऐकू येणारे, यावर कोशकारांत मतभेद आहेत. मी त्यांना वेगळे धरतो.

उर्दू गझलेतला ‘सय्याद’ याच कुळातला?

होय, सख्खा. पाखरे धरणारा तो अरबी ‘सय्याद’ आणि यिर्मयाचा ‘त्सय्याद’ एकाच सामी मुळाचे (हिब्रू, अरबी, अरामी या सामी कुळातल्या भाषा). अरामीत हा धातू मासे धरण्यालाही चालतो. गालील सरोवराकाठचे बेथसैदा, पेत्र, अंद्रिया आणि फिलिप्प यांचे गाव, म्हणजे धरण्याचे, मासेमारीचे घर. आणि लूक ५:१० च्या सिरियाक (अरामीच्याच एका बोलीतल्या) भाषांतरात येशू पेत्राला म्हणतो, ‘आतापासून तू माणसे धरशील, जीवनासाठी.’ तिथे हेच मूळ आहे. यिर्मयाच्या शिकाऱ्यांनंतर हे वाचताना मला दर वेळी बरे वाटते.

बायबलला शिकार मान्य आहे का?

अन्नासाठी मान्य आहे, लेवीय १७ तेच सांगते. पण शिकारी म्हणून नावाने ओळखले जातात ते दोघेच, निम्रोद आणि एसाव. अठराव्या शतकात प्रागचे रब्बी यहेज्केल लांडाऊ यांना विचारले गेले की करमणुकीसाठी शिकारीला जावे का. त्यांनी नेमके याच दोघांकडे बोट दाखवून नकार दिला.

मराठीत भाषांतर करताना कोणता शब्द घ्यावा?

‘शिकार’ हा फारसीतून आलेला शब्द एसावाच्या प्रसंगी चालतो. ‘पारध’ त्याहून गोड. पण विलापगीतात, मीखात, यहेज्केलात मी ‘धरणे’ वापरतो, कारण ‘शिकार केली’ म्हटले की मराठी कानाला बंदुकीचा बार ऐकू येतो. ‘त्सूद’च्या सर्वांत जवळ आपल्याकडे काय असेल तर फासेपारध्यांची जुनी विद्या: तितराच्या वाटेवर फाशांची रांग लावायची, माणसाळलेल्या तितराला साद घालू द्यायची आणि श्वास रोखून बसायचे. पाखरू पायाने अडकते, जिवंत. ज्या समाजाला इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवले, त्याच्याच हातांत हे बायबलमधले चित्र शाबूत राहिले होते.

मराठीतून हिब्रू शिकण्याची काही परंपरा आहे का?

आहे, आणि जुनी. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मुंबईत हिब्रू व्याकरण मराठीतून छापले, ते मुख्यतः कोकणातून आलेल्या मराठीभाषक ज्यूंसाठी, बेने इस्राएलींसाठी. पुढे पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावला अख्खे बायबल मराठीत आणले. १९२२ मध्ये त्या गेल्या, त्याआधी काम हातावेगळे झाले होते. साध्या बायाबापड्यांना कळेल असे मराठी हवे, हा त्यांचा आग्रह होता.

आजच्या इस्राएलमध्ये हा शब्द ऐकू येतो का?

रोज. ‘लात्सूद’ म्हणजे शिकार करणे, ते तर आहेच. ‘त्सियूद’ म्हणजे सामानसुमान, उपकरणे. मन वेधून घेणाऱ्या सौंदर्याला ‘मेत्सोदेद’ म्हणतात, यहेज्केलाच्या त्या बायकांचे क्रियापद आता कौतुकाला आले आहे. आणि सुटीच्या दिवशी समुद्रावर निघालेले कुटुंब बर्फ घालून ज्या पेटीत टरबूज आणि पाण्याच्या बाटल्या नेते, तिला ‘त्सेदानित’ म्हणतात: शिदोरीची पेटी.